सपाट धावपट्टी, उंचसखल पृथ्वी : फ्लाइट सिम्युलेटरमधील जमिनीचा इतिहास (धागा)

शिकागो शहराला लागून, मिशिगन सरोवराच्या काठाशी नॉर्दर्ली आयलंड नावाचा एक चिंचोळा भूभाग आहे. त्याची निर्मिती निसर्गाची नव्हे, माणसाची. सरोवरात भराव टाकून तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार करण्यात आला आणि १९४८ साली त्यावर एक छोटा विमानतळ सुरू झाला. पुढे त्याला मेग्ज फील्ड हे नाव मिळाले. एकच धावपट्टी, दोन्ही अंगांना पाणी आणि पलीकडे गगनचुंबी इमारतींची रांग. भरावाचीच जमीन, त्यामुळे ती अर्थातच सपाट.

नोव्हेंबर १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आयबीएम पीसीसाठी ‘फ्लाइट सिम्युलेटर’ बाजारात आणला, तेव्हा कार्यक्रम सुरू होताच विमान उभे असे ते याच मेग्ज फील्डवर. पुढली सुमारे दोन दशके जगभरातील असंख्य हौशी वैमानिकांनी आपले पहिले आभासी उड्डाण येथूनच केले. ज्या संगणकीय जगात डोंगरदऱ्यांना जवळपास जागाच नव्हती, त्या जगाला पाण्याच्या पातळीशी समांतर असा विमानतळ लाभणे सोयीचेच ठरले.

सपाट जगात विमानतळ कोठेही मांडावा. जमीन तक्रार करीत नाही. पृथ्वीचे खरे उंचसखल रूप संगणकात उतरू लागले, त्या दिवशी मात्र प्रश्न उभा राहिला. डोंगराळ पृथ्वीवर सपाट धावपट्टी बसवायची कशी? या धाग्याचा विषय हा प्रश्न आणि त्याच्या उत्तरांचा सुमारे चार दशकांचा प्रवास.

संगणकापूर्वीही हा प्रश्न होता, पण तो सुतार आणि रंगाऱ्यांचा होता. १९६० आणि ७०च्या दशकांत विमान कंपन्यांच्या प्रशिक्षण केंद्रांत भिंतीएवढ्या फळ्यांवर विमानतळ, शेते, टेकड्या यांची लहान प्रमाणातील प्रतिकृती उभारलेली असे. वैमानिक बंद कोठडीत बसून दांडा हलवी आणि त्याप्रमाणे एक दूरचित्रवाणी कॅमेरा त्या प्रतिकृतीवरून सरके. कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य वैमानिकाच्या समोरील काचेत दिसे. तेथे टेकडी उंच वाटली तर ती कानशीने घासून कमी करता येई. अशा सोयीचा हेवा पुढील काळातील अनेक संगणक-कारागिरांना वाटला असेल.

ब्रूस आर्टविक या तरुणाने इलिनॉय विद्यापीठात १९७५ साली संगणकाने रेखाटलेल्या उड्डाण-दृश्यावर प्रबंध लिहिला. त्यातून सबलॉजिक ही कंपनी निघाली आणि १९७९च्या सुमारास ॲपल-२ संगणकासाठी तिचा पहिला सिम्युलेटर आला. त्यातील जग म्हणजे सहा गुणिले सहा चौरसांचा एक पट. जमिनीवर आखलेल्या रेषा, क्षितिजाशी डोंगरांच्या बाह्यरेषा, बस्स. ॲपल-२चा प्रक्रियक सेकंदाला जेमतेम दहा लाख ठोके देणारा. त्याच्याकडून आणखी काही मागणे म्हणजे बैलगाडीला घाट चढून धावत जाण्यास सांगणे होते.

मायक्रोसॉफ्टसाठी लिहिलेल्या आवृत्तीत शिकागो, न्यूयॉर्क-बॉस्टन, सिॲटल आणि लॉस एंजेलिस हे चार प्रदेश होते. जमीन तरीही सपाटच राहिली. १९९३च्या पाचव्या आवृत्तीत अक्षांश-रेखांशांनी बांधलेली सगळी पृथ्वी आली, जमिनीवर छायाचित्रासारखे पोत आले. पण डोंगर म्हणजे सपाट पटावर आणून ठेवलेल्या वस्तू, नाटकाच्या रंगमंचावर मागे उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या पहाडासारख्या. विमानतळाचा त्यांच्याशी संबंध एवढाच की त्यांना धडकू नये.

या अवस्थेचा शेवट ज्या घटनेने झाला तिचा सिम्युलेटरशी थेट संबंध नव्हता. १९९६च्या अखेरीस अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने ‘जीटोपो-३०’ नावाचा संच पूर्ण केला. त्यात संपूर्ण पृथ्वीच्या जमिनीची उंची ३० सेकंद अंतरावर, म्हणजे विषुववृत्तापाशी साधारण दर एक किलोमीटरला एक, अशा आकड्यांच्या जाळीत नोंदवलेली होती. संच सर्वांसाठी खुला होता. पृथ्वीचा आकार आता कोणालाही उतरवून घेता येत होता.

१९९९ साली आलेल्या ‘फ्लाइट सिम्युलेटर २०००’मध्ये जमिनीला खरी उंची मिळाली. जमीन म्हणजे आता उंचीच्या बिंदूंवर ताणलेली जाळी. त्या जाळीच्या गाठी वर-खाली करता येत होत्या आणि त्यातून दरी, कडा, पठार घडत होते. आल्प्सवरून उडताना खाली खरोखर आल्प्स दिसू लागला. आणि नेमक्या त्याच क्षणी विमानतळांची पंचाईत झाली.

ती का झाली हे समजण्यासाठी दोन नोंदवह्या डोळ्यांसमोर आणाव्या लागतात. एक नोंदवही भूमापकाची: तिच्यात दर किलोमीटरला एक उंची. दुसरी वैमानिकांची: तिच्यात प्रत्येक विमानतळाचे स्थान, धावपट्टीची लांबी, दिशा आणि उंचीचा एकच आकडा. दोन्ही नोंदवह्या आपापल्या जागी खऱ्या. पण एकमेकींना विचारून लिहिलेल्या नव्हेत. किलोमीटरच्या जाळीत तीन किलोमीटरची धावपट्टी जेमतेम तीन-चार गाठींवरून जाते. त्यांतली एक गाठ शेजारच्या टेकडीवर पडली, तर धावपट्टी मधोमध उंटाच्या पाठीसारखी उचलली जाते.

शिवाय ‘विमानतळाची उंची’ या शब्दांतच एक मेख आहे. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार ती म्हणजे विमाने उतरण्याच्या क्षेत्रातील सर्वांत उंच बिंदूची उंची. सरासरी नव्हे, मध्यबिंदूही नव्हे. मोठ्या विमानतळांच्या धावपट्टीला एकूण एक टक्क्यापर्यंत उतार चालतो. म्हणजे तीन हजार मीटर लांबीत तीस मीटरांचा फरक नियमाला धरून असू शकतो. आता कार्यक्रमाने सगळा विमानतळ त्या एका आकड्यावर समतल केला, तर खालच्या टोकाची धावपट्टी दहा मजली इमारतीएवढी वर तरंगणार हे उघडच आहे.

तरंगू नये म्हणून काय केले? जमीनच वर ओढली. यालाच सिम्युलेटरच्या कारागिरीत सपाटीकरण म्हणतात, आणि इंग्रजी ‘फ्लॅटन’ हा शब्द मराठी हौशी मंडळींच्या बोलण्यातही तसाच रुळला आहे. विमानतळाभोवती एक बहुभुज आखायचा, त्याला एक उंची द्यायची आणि त्या कुंपणातील सर्व जमीन त्या उंचीला बांधून टाकायची. त्या काळात हे काम सिम्युलेटरच्या एका साध्या मजकूर-फाइलमध्ये एक ओळ लिहून होई: आधी फुटांत उंची, मग एकापाठोपाठ कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश. नोटपॅड उघडता येणारा कोणीही डोंगर कापू शकत होता.

डोंगर कापणे सोपे होते. कापलेल्या कडेचे काय करायचे हा खरा प्रश्न. कुंपणाच्या आत एक पातळी, बाहेर मूळ जमीन, आणि दोहोंच्या मध्ये काहीच नाही. परिणामी विमानतळ एक तर घराच्या जोत्यासारखे उंच चौथऱ्यावर बसलेले दिसत, नाही तर चारही बाजूंनी भिंती असलेल्या खड्ड्यात. टॅक्सी मार्गावरून जरा भलतीकडे वळलेले विमान त्या भिंतीला धडकून ‘कोसळे’. इंग्रजी जगात या चौथऱ्यांना ‘प्लेटो’ अर्थात पठार म्हणत. पण पठाराला निदान उतार असतो. कोकणी घराच्या जोत्याची उपमा अधिक चपखल, फरक इतकाच की याला चढायला पायरी नसे.

या गोंधळात भर पडली ती चांगल्या कामाने. ११ फेब्रुवारी २००० रोजी ‘एन्डेव्हर’ हे अंतराळयान कॅनडा-अमेरिकेच्या कोणत्याही विमानतळाकडे न बघता सगळ्या पृथ्वीकडे बघण्यासाठी झेपावले. यानाच्या मालवाहू कक्षात एक रडार होते, आणि बाजूला साठ मीटर लांबीचा दांडा काढून त्याच्या टोकाला दुसरे. दोन डोळ्यांनी खोली कळते त्या न्यायाने दोन अँटेनांनी जमिनीची उंची मोजायची, अशी ही योजना. अकरा दिवसांत उत्तरेला ६० अंशांपासून दक्षिणेला ५६ अंशांपर्यंतची, म्हणजे पृथ्वीवरील सुमारे ८० टक्के जमीन मोजून झाली. त्या मोहिमेचे नाव शटल रडार टोपोग्राफी मिशन, आणि आद्याक्षरांनी एसआरटीएम.

अमेरिकेबाहेरच्या प्रदेशांसाठी ही माहिती प्रथम सुमारे ९० मीटरच्या जाळीत खुली झाली. तीस मीटरची जाळी जगाला मिळण्यास २०१४ उजाडले. किलोमीटरवरून नव्वद मीटरवर येणे म्हणजे ढोबळ रेखाचित्रावरून छायाचित्रावर येणे. स्वतंत्र कारागिरांनी तिच्यापासून सिम्युलेटरसाठी नव्या जाळ्या विणल्या, काही विकल्या, बऱ्याचशा फुकट वाटल्या. आणि ज्याने ज्याने आपल्या संगणकावर नवी, अधिक खरी जमीन बसवली, त्याच्या लक्षात आले की जुने विमानतळ आता अधिकच खोटे दिसत आहेत. जमीन सुधारली, विमानतळाचे कुंपण आणि त्याचा आकडा जुनाच राहिला. जुन्या ढोबळ जमिनीशी कसेबसे जुळवून घेतलेले विमानतळ नव्या जमिनीवर एक तर रुतले, नाही तर उचलले गेले. आगीतून फुफाट्यात, अशी गत.

रडारच्या मर्यादाही होत्या. ते झाडाच्या शेंड्याला जमीन समजे, छपराला जमीन समजे. उभ्या कड्यांच्या सावलीत त्याला काहीच दिसत नसे. हिमालयात त्यामुळे माहितीत अक्षरशः भोके पडली. ती भोके पुढे पर्वतप्रेमी हौशींनी जुन्या समोच्च रेषांच्या नकाशांवरून भरून काढली. ते नकाशे भारतीय उपखंडापुरते पाहिले तर त्यांची वंशावळ १८०२ साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ मांडलेल्या पायारेषेपर्यंत आणि त्यानंतरच्या शतकभराच्या सर्वेक्षणापर्यंत जाते. साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन डोंगर चढलेल्या खलाशांची मेहनत अंतराळयानाच्या चुकांना ठिगळ लावण्यास कामी आली, हा योगायोग लहान नाही.

उंची कशापासून मोजायची, हाही वादाचा मुद्दा. भारतातील जुने तलमापन मुंबईसह नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या नोंदींवर उभे आहे. समुद्राची सरासरी पातळी म्हणजे शून्य. जीपीएस मात्र समुद्राला विचारत नाही. ते पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून उंची मोजते. आता हिंदी महासागरात गुरुत्वाकर्षण असे काही क्षीण आहे की श्रीलंकेच्या दक्षिणेस समुद्राची पातळी त्या लंबगोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली आहे, जगात सर्वांत खाली. मुंबईजवळ ही तफावत साठेक मीटरांच्या घरात येते. जीपीएसचा कच्चा आकडा तसाच उचलून सांताक्रूझची धावपट्टी बसवणाऱ्याचा विमानतळ अरबी समुद्राच्या पातळीखाली पन्नास मीटर गेला, तर दोष संगणकाचा नाही.

सपाटीकरणाची हत्यारे दरम्यान सुधारत होती. मजकूर-फाइलमधील ओळींच्या जागी नकाशावर माउसने बहुभुज आखण्याचे कार्यक्रम आले: एएफकॅड, एसबिल्डर, पुढे एअरपोर्ट डिझाइन एडिटर. त्यांतील काही कोणा कंपनीने नव्हे, तर हौशींनी घडवून विनामूल्य दिलेले. ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ २००६ साली आला, त्यात विमानतळाच्या बहुभुजाने एकाच वेळी तीन कामे करावीत अशी सोय होती: जमीन समतल करायची, तिच्यावर गवताचा पोत पसरायचा आणि आपोआप उगवणारी झाडे-घरे तेथून हटवायची.

एक गोष्ट मात्र बदलली नाही. विमानतळाला उंची एकच. सगळ्या धावपट्ट्या काचेसारख्या समतल. कार्यक्रमाच्या पायातच हे गृहीत धरलेले होते आणि संगणकाने चालवलेली इतर विमानेही त्याच पातळीवरून सरकत. बहुतेक ठिकाणी हे खपून जाई. काही ठिकाणी ते खपणे शक्यच नव्हते.

नेपाळमधील लुक्ला हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. १९६४ साली सर एडमंड हिलरींच्या देखरेखीखाली ही धावपट्टी तयार झाली. सपाट शेतजमीन द्यायला शेतकरी राजी नव्हते, म्हणून उताराची जागा घ्यावी लागली. झाडोरा काढल्यावर माती भुसभुशीत राहिली, तेव्हा हिलरींनी शेर्पांना तेथे मद्य पाजून पाय आपटत नाचायला लावले आणि नाचून नाचून ती जमीन घट्ट झाली, अशी हकीकत सांगितली जाते. यंत्रावाचून झालेले हे सपाटीकरण. पण ‘सपाट’ हा शब्द तेथे जपूनच वापरावा लागतो. धावपट्टीची लांबी ५२७ मीटर, उतार सुमारे पावणेबारा टक्के. म्हणजे दोन टोकांत साठ मीटरांच्या वर फरक. एका टोकाला डोंगराची भिंत, दुसऱ्या टोकाला दरी.

हा उतार तेथे अडचण नाही, तोच आधार आहे. उतरणारे विमान चढावर धावते म्हणून एवढ्याशा लांबीत थांबते. उडणारे विमान उतारावर धावते म्हणून वेग घेते. उतार काढून टाकला की लुक्ला म्हणजे बहुतेक विमानांसाठी निव्वळ अपुरी धावपट्टी. जुन्या सिम्युलेटरने नेमके तेच केले: २,८४५ मीटरांवर एक पाट ठेवला आणि त्याचे दरीकडचे टोक साठ मीटर उंच भिंतीवर अधांतरी सोडले. शिकणाऱ्याला त्यातून लुक्लाविषयी जे कळायला हवे तेवढेच नेमके कळत नसे.

यावर कारागिरांनी काढलेली तोड मोठी नामी होती. जमिनीला हात न लावता, किंवा ती आणखी खाली दाबून, तिच्यावर त्रिमितीय प्रतिकृतीतील एक तिरका पृष्ठभाग मांडायचा आणि कार्यक्रमाला सांगायचे की हा पृष्ठभाग ‘टणक’ आहे, चाके याच्यावर टेकू देत. म्हणजे विमान प्रत्यक्षात जमिनीवर उतरतच नसे. ते एका अदृश्य पुलावर उतरे. फ्रान्समधील कूरशेव्हेलसाठीही, जेथे ५३७ मीटरच्या पट्टीला साडेअठरा टक्क्यांचा उतार आहे, अशाच क्लृप्तीची गरज होती. किंमत एवढीच, की संगणकाने चालवलेल्या विमानांना या पुलाची खबर नसे. ती आपली जुन्या पातळीवरून, कधी डोंगराच्या पोटातून, तर कधी हवेतून निवांत चालत जात.

नेमकी उलट तऱ्हा मदेइरा बेटावरील फुंशालची. तेथे २००० साली धावपट्टी वाढवताना जमीन संपली, म्हणून ती समुद्रकिनाऱ्यावर उभारलेल्या १८० काँक्रीट खांबांवर नेण्यात आली. खांबांची उंची सुमारे सत्तर मीटर. खालून रस्ता जातो. सपाटीकरणाच्या बहुभुजाला खांब ठाऊक नाहीत. तो किनाऱ्यावर सत्तर मीटर उंचीचा मातीचा बांध घालतो आणि रस्ता गाडून टाकतो. जमिनीची जाळी एका जागी एकच उंची जाणते. पूल, बोगदा, गुहा यांना तिच्यात स्थान नाही.

एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरने वेगळी वाट धरली. ऑस्टिन मायर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास सुरू केलेल्या या कार्यक्रमात पुढे जमीन चौकोनी जाळीऐवजी लहान-मोठ्या त्रिकोणांनी विणली जाऊ लागली: सपाट प्रदेशात मोठे त्रिकोण, डोंगरात बारीक. आणि धावपट्टीने जमिनीचा उतार पाळावा की नाही, हा निर्णय वापरणाऱ्यावर सोडला गेला. खूण केली तर धावपट्टी जमिनीबरोबर वर-खाली होणार. काढली तर समतल. प्रामाणिक तोडगा, पण धड ना इकडे ना तिकडे. खूण ठेवली तर रडारने पकडलेले प्रत्येक झाड धावपट्टीवर टेंगूळ होऊन उभे. काढली तर पुन्हा जोते.

धड उतारही नको आणि धड सपाटीही नको. हवा होता तो धावपट्टीच्या लांबीभर संथ, मोजका, खरा उतार. खऱ्या अभियंत्याला तो खोदाई आणि भराव यांच्या हिशेबातून मिळतो. ऑगस्ट २०२०मध्ये आलेल्या, बोर्डो येथील असोबो स्टुडिओने घडवलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये धावपट्टी प्रथमच मायक्रोसॉफ्टच्या मालिकेत सर्वत्र उताराची झाली. उपग्रहचित्रे आणि उंचीची माहिती दूरच्या संगणकांवरून येऊ लागली. कारागिरांना बहुभुजाभोवती ‘उतरंडीचा पट्टा’ आखण्याची सोय मिळाली: आतली जमीन ठरलेल्या पातळीवर, बाहेरची मूळ, आणि मधल्या पट्ट्यात हळूहळू एकीचे दुसरीत रूपांतर. जोत्याला अखेर पायरी मिळाली म्हणायचे.

(त्याच आवृत्तीत मेलबर्नच्या एका साध्या उपनगरात २१२ मजल्यांचा एक सुळका उगवला होता. खुल्या नकाशात कोणाच्या तरी बोटाने दोन मजल्यांऐवजी २१२ असा आकडा टंकला, आणि यंत्राने तो इमानेइतबारे बांधून दिला. आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्या जगात असे सुळके उगवणारच.)

परंतु उतरंडीच्या पट्ट्यालाही एक धोका आहे, आणि तो भारतीय वाचकाला दूरचा वाटू नये. कोकण-गोव्याच्या किनारपट्टीला जांभ्या दगडाचे सडे आहेत: माथ्यावर ताटासारखी सपाटी, कडेला एकदम तुटलेली धार. विमानतळासाठी सपाट जागा शोधणाऱ्यांची नजर सड्यांवर पडणे स्वाभाविकच. पोर्तुगीज काळातील दाबोळी अशाच उंचवट्यावर आहे. मोप्याचे पठार, रत्नागिरी, २०२१ साली सुरू झालेला सिंधुदुर्गातील चिपी, हीही त्याच कुळातली. दक्षिणेस मंगळूर आणि कोळिक्कोड येथे तर टेकड्यांचे माथे तासून, खोलगट भाग भरून धावपट्टी केलेली आहे. इंग्रजीत तिला ‘टेबलटॉप’ म्हणतात.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला उतरणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून कडेपलीकडे दरीत गेले. १५८ जण मृत्युमुखी पडले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिक्कोडला भर पावसात त्याच कंपनीचे विमान धावपट्टीच्या टोकावरून खाली कोसळून दुभंगले. २१ जणांचे प्राण गेले. सपाट प्रदेशात धावपट्टी ओलांडलेले विमान बहुधा चिखलात रुतते. टेबलटॉपवर पुढे जमीनच नसते.

आता नव्वद मीटरच्या जाळीत ही कड कशी उमटते ते पाहावे. एका गाठीवर माथा, पुढच्या गाठीवर पायथा, आणि मधे सरळ रेषा. तुटलेली धार नव्वद मीटर लांबीचा उतार बनून येते. त्यावर कारागिराने देखणेपणासाठी दोनशे-तीनशे मीटरांचा उतरंडीचा पट्टा दिला की कडा नाहीसाच होतो. टोकाला हिरवळीची मऊ घसरण दिसू लागते. चित्र सुंदर, जमीन गुळगुळीत, चौथरा नाही, भिंत नाही. आणि त्या विमानतळाविषयी जाणून घेण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुसली गेलेली. चौथरा म्हणून ज्याची इतकी वर्षे चेष्टा झाली तेच जुने ओबडधोबड जोते मंगळूरच्या बाबतीत अधिक खरे होते, असे म्हणावे लागते. म्हणूनच या क्षेत्रातील जाणते कारागीर सड्यावरच्या विमानतळाला बहुभुज देताना कडेची प्रत्येक वळी छायाचित्रावरून गिरवतात, पट्टा शक्य तितका अरुंद ठेवतात आणि पायथ्याला दुसरा बहुभुज देऊन तेथील उंची वेगळी बांधून टाकतात. दिवसभराच्या कामात धावपट्टीला तासभर लागतो. उरलेला वेळ कडेला जातो.

या कामाला आणखी एक अंग आहे: काळाचे. उंचीची माहिती म्हणजे एका विशिष्ट दिवशी घेतलेले जमिनीचे मोजमाप. मेग्ज फील्ड ३० मार्च २००३च्या मध्यरात्री शिकागोच्या महापौरांच्या आदेशावरून बुलडोझरने उखडले गेले. धावपट्टीवर भल्याथोरल्या फुल्या कोरण्यात आल्या. त्या वर्षीच्या सिम्युलेटरमध्ये ते तरीही होते. मेग्जची जमीन मात्र होती तशीच राहिली, गेली ती फक्त धावपट्टी. रायगड जिल्ह्यात याहून मोठे घडले.

फेब्रुवारी २०००च्या त्या अकरा दिवसांत एन्डेव्हरच्या रडारने पनवेलच्या खाडीकाठचा उलवे परिसरही मोजला. तेव्हा तेथे सुमारे नव्वद मीटर उंचीची टेकडी होती, उलवे नदी आपल्या जुन्या पात्रातून वाहत होती, भोवती खारफुटी आणि भातशेती होती, आणि चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे अशी गावे होती. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावे उठवावी लागली. २०१७पासून टेकडीला सुरुंग लागले, तिचा दगड दलदलीच्या सखल भागात भराव म्हणून गेला, नदीचा प्रवाह वळवण्यात आला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरला तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली.

हे सपाटीकरण शब्दशः सिम्युलेटरसारखेच: बहुभुज, एक पातळी, आतले सारे काही त्या पातळीला. फरक असा की प्रत्यक्षात त्याला कित्येक वर्षे, लक्षावधी घनमीटर दगड आणि हजारो कुटुंबांचे स्थलांतर लागले. आणि विस्थापितांच्या मोबदल्याचे तंटे विमाने उडू लागली म्हणून संपत नाहीत. संगणकावरील कारागिराला त्याच जागी चार कोपरे टिंबांनी दाखवून एक आकडा लिहावा लागतो. रडारने खारफुटीच्या शेंड्यांना जमीन समजून नोंदवलेले दोन-चार मीटरही त्याच आकड्याखाली दबून जातात.

२०००च्या मोजणीवर बेतलेली जमीन वापरणाऱ्या सिम्युलेटरमध्ये नवी मुंबईचा विमानतळ बसवायचा, तर हा बहुभुज टाळता येत नाही. आणि तो काढून टाकला, की टर्मिनलच्या परिसरातून उलव्याची टेकडी पुन्हा वर येते, नदी जुन्या पात्राच्या घळीत दिसू लागते आणि विमाने उतरतात तेथे चढ लागतो.